पप्पांचा घसा

आमच्या नगरकडच्या तालुक्यातली निम्मी ख्रिस्ती लग्नं पप्पांनी लावली असतील. पाळक म्हणून त्यांचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी मागच्या बाकावरच्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू जायचा. मी त्यांची एकुलती एक मुलगी. हिचं लग्न आपणच लावायचं, हे त्यांनी मी शाळेत असल्यापासून धरून ठेवलं होतं.

मी जर्मनीत एर्लांगेनला नोकरी करत होते आणि लग्न ठरलं ते तिथल्याच एका कॅथलिक मुलाशी. आम्ही प्रोटेस्टंट. त्याच्या चर्चमध्ये लग्न करायचं तर माझा बाप्तिस्म्याचा दाखला हवा, शिवाय मुलगी अविवाहित असल्याचं माझ्या पाळकांचं पत्र हवं. माझे पाळक म्हणजे पप्पाच. त्यांनी वळणदार इंग्रजीत पत्र लिहिलं, मंडळीचा गोल शिक्का मारला आणि पाठवून दिलं.

ते त्याच्या चर्चच्या फादरांना द्यायला मी एकटीच गेले होते. फादरांनी सहीखालचं आडनाव वाचलं आणि खूश झाले. "हे तुमचे वडील? मग शेवटचा आशीर्वाद त्यांनीच द्यावा. हल्ली आमच्याकडे चालतं. मला फार आवडेल."

माझ्या डोळ्यांपुढे आला पप्पांचा काळा झगा, कोपरावर आईने रफू केलेला. त्यांचा लांबलचक आशीर्वाद, मध्येच टाळ्या वाजवत म्हटलेलं भजन, आणि पुढच्या बाकावर ताठ बसलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाई, मागे ऑफिसातली माणसं. मी म्हणाले, "त्यांचा घसा गेलाय. डॉक्टरांनी जास्त बोलायला मनाई केलीय."

रविवारी पप्पांना फोनवर सांगितलं, की कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या मंडळीच्या पाळकाला वेदीपाशी उभं राहू देत नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे. ज्याचे त्याचे नियम असतात. तू मनाला लावून घेऊ नकोस, बेटा." उलट त्यांनीच माझी समजूत काढली. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. खोटं बोलायचं तर निदान एकाच माणसाशी बोलावं, एवढीही अक्कल मला नव्हती.

लग्नासाठी आई-पप्पा आले तेव्हा बॅगेत सगळ्यात वर इस्त्री केलेला झगा होता. "वजनात बसत होता, म्हणून आणला," पप्पा म्हणाले.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातच फादरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या घशाचं ऐकून वाईट वाटलं. आशीर्वाद तुम्ही द्यावा असं मी मुलीला म्हटलं होतं."

मी फुलं घेऊन शेजारीच उभी होते. पप्पांचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, पक्कं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्याला हात लावला आणि बसक्या आवाजात म्हणाले, "हो, फादर. जुनंच दुखणं आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत ऑर्गनवर गीत सुरू झालं. चाल आमच्या गीतपुस्तकातलीच होती. सगळं चर्च गात होतं आणि पप्पा तोंड मिटून उभे होते. आईने त्यांना ढोसलं, "अहो, म्हणा की. तुमच्या आवडीची चाल." त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी ते एकही गीत गायले नाहीत. कुणाशी बोलले तेही हळूच.

संध्याकाळी घरी आल्यावर आई काळजीत पडली. "एवढ्या लांब येऊन घसा धरला बघ यांचा. पाणी गरम कर, मीठ घाल त्यात."

मी पाणी गरम केलं, मीठ घातलं. माझ्या तोंडून खरं काही निघालं नाही, अजूनही निघालेलं नाही. पप्पांनी माझ्या हातातून पेला घेतला, बेसिनपाशी गेले आणि पाणी संपेपर्यंत गुळण्या करत राहिले.