चाकूतला हिरवा दोरा

ती दुपार अजूनही डोक्यातून जात नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि पनवेल तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. माणूस बघताक्षणी ओळखतो, अशी माझी ख्याती होती. ती बरीचशी मीच पसरवलेली.

अकराच्या सुमारास फोन आला. डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं तळं आहे. ना घाट, ना कुंपण, अर्ध्या पाण्यात पाणकणीस माजलेलं. पलीकडच्या फार्महाउसचा राखणदार सांगत होता, "साहेब, पाण्यात दोघांची झटापट झाली. एकच बाहेर आला. हातात चाकू होता त्याच्या."

चाकूवाल्याला गावकऱ्यांनी रस्त्यावरच धरलं. वाडीवरचा कातकरी, पंचेचाळिशीचा, ट्रकच्या ट्यूबवर बसून तळ्यात जाळं लावणारा. दुसरा माणूस तळोजाच्या नव्या वसाहतीतला, दर रविवारी हवेची रबरी होडी आणि गळ घेऊन येणारा. काठावर त्याचे बूट आणि मोटारसायकल तशीच होती.

ठाण्यात आणल्या आणल्या कातकरी म्हणाला, "साहेब, तो जिता हाय. पाय अडकलाय बुडल्या झाडात. चार मानसं द्या, लवकर चला."

असली वाक्यं मी नोकरीभर ऐकली होती. वाटेत पळायचा बेत असणार, असं धरून चाललो. तरी दोन शिपाई तळ्यावर पाठवले. त्यांनी काठावरून हाका मारल्या, उत्तर आलं नाही. फाटलेली रबरी होडी मात्र घेऊन आले. होडी फाटलेली, चाकू हातात, माणूस गायब. माझ्या लेखी तपास संपला होता.

"प्रेत कुठे आहे?" मी विचारलं.

"मेला नाय तो."

मी त्याच्या थोबाडीत दिली. तो रडला नाही, चिडलाही नाही. सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. गुन्हेगार दाराकडे बघतो, घड्याळाकडे नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अडीच वाजता आमचे हवालदार चाकूचा जप्ती पंचनामा लिहायला बसले. उरणकडचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. चाकू उघडून बघताना ते मध्येच थांबले. मुठीच्या खाचेत हिरव्या नायलॉनचे दोन धागे अडकले होते.

"साहेब, ह्यो जाल्याचा दोरा हाय," ते हळूच म्हणाले. "एक मासा सोडवाया अर्धा तास लागला तरी आमी जाला कापत नाय. ह्यानं सोताचा जाला का कापला?"

तीन तासांत त्या माणसाला मी पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला, "जाळं का कापलंस?"

"त्याला बांधला. खोडावर होडी फाटली, पाय खाली अडकला. मी वडून पायला, निघना. हात सुटाया लागलं त्याचं. मंग काखेतून जाल्यानं ट्यूबला बांधला, नी मानसं आनाया धावलो."

त्याला जीपमध्ये घेऊन आम्ही तळ्याकडे निघालो. तळ्यावर पोचताच त्याने माझ्याकडे न बघता पाण्यात उडी घेतली. मागून दोर आणि करवत घेऊन आम्ही. पाणकणसांच्या आड, काठावरून दिसणारच नाही अशा जागी, काळी ट्यूब होती. तिच्यावर मान टाकून तो माणूस पडला होता. ओठ निळे, छातीभोवती हिरव्या जाळ्याचे दोन वेढे, पक्क्या गाठी. हवालदारांनी मानेला बोटं लावली. तो क्षण मला फार लांब वाटला.

"हाय," ते म्हणाले. "जिता हाय."

खोड कापून पाय सोडवला. माणूस वाचला. पंधरवड्याने कुबडीवर येऊन जबाब देऊन गेला.

त्या संध्याकाळी कातकरी काठावर बसून जाळ्याचे तुकडे गोळा करत होता. मी चाकू स्वतः त्याच्या हातात दिला. माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "साहेब, आधी आला असता तर त्याचा पाय इतका सुजला नसता." एवढीच तक्रार, आणि तीही दुसऱ्यासाठी.

तपास म्हणजे प्रश्न विचारणं, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. त्या माणसाने पहिल्याच वाक्यात मला सगळं खरं सांगितलं होतं. ऐकायचं माझ्याकडून राहिलं.

स्टेशन डायरीत 'स्थानिक मच्छीमाराच्या मदतीने इसमास सुखरूप बाहेर काढले' अशी नोंद आहे, माझ्याच अक्षरात. त्या थपडेची नोंद कुठेच नाही. म्हणून ती इथे करतो आहे.