मस्कतचं वाण

कुकटपल्लीच्या त्या गल्लीत त्रिवेणीसारखी सुखी बाई नाही, असं साऱ्या गल्लीचं मत होतं. हे मत घडवायला त्रिवेणीने चार वर्षं हाडाची काडं केली होती.

युवराज घर सोडून गेला तेव्हा सासू, कुसुमताई, म्हणाली, "मस्कतला नोकरी लागली म्हणून सांग. लोकांत नाक कापून घेऊ नको." त्रिवेणीने ऐकलं. दर संक्रांतीला हळदीकुंकू केलं आणि कोठीच्या बाजारातून आणलेल्या वाट्या 'तिकडनं आल्यात' म्हणत वाण म्हणून वाटल्या. ज्याने टाकलं त्याचीच अब्रू ही बाई रात्रंदिवस शिलाई मशीन चालवून राखत होती. याला शहाणपण म्हणायचं तरी कसं?

मग कारखान्यातलं शिलाईचं काम सुटलं. लेकीचं, नेहाचं, नाव शाळेतून निघायची वेळ आली, तेव्हा त्रिवेणीने टाकलेल्या बायकांच्या सरकारी मदतीसाठी अर्ज केला. हापिसातली बाई म्हणाली, "आदमी का पता लाव अम्मा. पहले उससे बच्ची का खर्चा मांगते, बाद में सरकार देती. पता नइं तो गल्ली में पूछने आते."

पत्ता तिच्याकडे नव्हता. तिने सासूला विचारलं.

"मला काय ठाऊक," कुसुमताई म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

चौकशीला ती बाई आली, तेव्हा शेजारची रंजना स्वतःहून पुढे झाली. त्रिवेणीचं भलं करायची संधी तिला सोडवेना. "इसका आदमी मस्कत में है ना. हीरा है. हर संक्रांत को सामान भेजता." घरातून तिने वाट्याही आणून दाखवल्या.

"सगळं खोटं आहे," त्रिवेणी म्हणाली. "मीच सांगितलं होतं. आत्याबाई, तुम्ही तरी बोला."

कुसुमताईने पदर सावरला. "मस्कत में है मेरा बेटा," ती म्हणाली. अर्ज तिथेच निकालात निघाला.

संध्याकाळी त्रिवेणीने नेहमीसारखं आधी सासूचं ताट वाढलं. कुसुमताईने उचललेला घास परत ताटात ठेवला. "इथेच, याच शहरात, जामबागेत राहतो तो," ती खाली बघत म्हणाली. "आता मुलगा झालाय त्याला. नोटीस गेली असती तर त्या लेकराचं काय झालं असतं?"

"आणि नेहा?" त्रिवेणीने विचारलं.

कुसुमताईने वरण कालवलं.

त्रिवेणीच्या अंगाची आग झाली. ती तशीच उठून रंजनाच्या दारात गेली. "उद्या माझ्याबरोबर हापिसात चल. साक्ष दे. युवराज मस्कतला नाही, जामबागेत दुसरा संसार थाटून बसलाय."

रंजनाने तिचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत खरीखुरी माया होती.

"रागात असं बोलू नये गं," ती म्हणाली. "तो बिचारा तिकडे उन्हात राबतो तुमच्यासाठी."