उत्तरदाता क्रमांक एक

देवयानी आठल्ये तीन वर्षं नक्की काय शिकत होती, हे तिच्या पुण्याच्या आत्याला कधीच कळलं नाही. आत्या दर दिवाळीला फोनवर विचारायची, "म्हणजे बी.ए. ना गं?" आणि देवयानी दर दिवाळीला समजावायची की हा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम आहे, त्यात समाजशास्त्र आहे, राज्यशास्त्र आहे, इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, आणि मुख्य म्हणजे या सगळ्यांच्या मधल्या भिंती पाडणं आहे. आत्या शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हणजे बी.ए.च."

दिल्लीत हा प्रश्न वडिलांनी परस्पर निकालात काढला होता. शशिकांत आठल्ये एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की ते "यूपीएससीचा बेस पक्का करतेय" असं सांगत. देवयानीला याचा भयंकर राग यायचा. आपण सत्तेची चिकित्सा करतो आणि बाबा आपल्याला सत्तेच्या खुर्चीत बसवायला निघालेत, असं ती मैत्रिणींना कँटीनमध्ये सांगायची. चिकित्सा तिच्या अंगात इतकी भिनली होती की घरात साधी भेंडीची भाजी झाली तरी ती कोणी चिरली, कोणी ढवळली आणि कोणी आयती खाल्ली, यावर छोटंसं व्याख्यान व्हायचं. तिची आई सुनंदा ते ऐकायची आणि म्हणायची, "अच्छा. मग आता ताटं घे."

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. देवयानीने विषय निवडला सरकारी क्वार्टरांचा. सरोजिनी नगरच्या बाजारामागे ती जन्मापासून राहत होती आणि तिला अचानक शोध लागला होता की ती घरात राहत नसून सामाजिक उतरंडीत राहते. हुद्दा जितका मोठा तितका क्वार्टरचा टाइप वरचा. टाइप टूवाले टाइप थ्रीवाल्यांना आधी नमस्कार करतात, टाइप थ्रीवाले टाइप फोरवाल्यांना. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवालाही बायका नवऱ्याच्या टाइपप्रमाणे बसतात. मार्गदर्शक विजयालक्ष्मी मॅडम खूश झाल्या. मात्र त्यांनी अट घातली: नोकरीत असलेल्या दहा रहिवाशांच्या मुलाखती, आणि प्रत्येकाची संमतीपत्रावर सही. सह्या नाहीत तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर पदवी नाही.

मुलाखतींना काहीच अडचण आली नाही. दिल्लीतला मराठी माणूस बोलायला मिळालं तर घड्याळ बघत नाही. टाइप फोरमधले भालचंद्र काका तीन तास बोलले. त्यांनी चहा पाजला, चकली खाऊ घातली, कोणाला कोणाच्या वशिल्याने कोपऱ्यातलं क्वार्टर मिळालं तेही सांगितलं. मग देवयानीने संमतीपत्र पुढे केलं आणि काकांनी चष्मा काढून ठेवला.

"सही?" काका म्हणाले. "बेटा, बोलणं वेगळं आणि सही वेगळी. आम्ही सरकारी नोकर. आचारनियम असतात. शशिकांतने केलीय का सही?"

बाबा सोडून बाकी नऊच्या नऊ घरांत हेच झालं. सगळ्यांनी पोटभर सांगितलं, पोटभर खाऊ घातलं आणि सहीच्या वेळी हात वर केले. आधी शशिकांतजींचं होऊ दे, मग बिल्कुल करू.

"बाबा, यार, नुसती सही तर आहे," देवयानी घरी येऊन म्हणाली.

"परवानगीशिवाय होणार नाही," शशिकांत म्हणाले. "मी साहेबांकडे फाइल पुटअप करतो."

"मुलीशी बोलायला परवानगी?"

"मुलीशी नाही. संशोधकाशी."

फाइल पुटअप झाली. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, सुटीवर गेलेल्या एका साहेबाची वाट बघत बसली आणि तीन आठवड्यांनी एक शेरा घेऊन परत आली: लिखाणाचा मसुदा जोडावा. देवयानीने कपाळाला हात लावला आणि अख्खं तिसरं प्रकरण वडिलांना मेल केलं. त्यात काय लिहिलंय याची तिला काळजी वाटली नाही. बाबांनी तिचं आजवर काहीही वाचलं नव्हतं. हिंदूराववर लिहिलेला तिचा निबंध, ग्वाल्हेरहून दिल्लीत आलेला तो मराठी माणूस आणि स्थलांतर असा जबरदस्त विषय, तोही त्यांनी "छान" म्हणून फ्रिजवर ठेवून दिला होता. हे प्रकरणही ते न वाचता पुढे सरकवतील, असं ती धरून चालली. एकतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने एकही कागद न वाचता पुढे सरकवलेला नाही, एवढी साधी गोष्ट समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या लक्षात आली नाही.

प्रकल्प द्यायला तीन दिवस उरले तेव्हा परवानगी आली. हरकत नाही, मात्र अधिकाऱ्याने फक्त तथ्ये सांगावीत, मत व्यक्त करू नये. ही बातमी कॉलनीत पसरली आणि आता परवानगीचा दाखला मिळाला म्हणून भालचंद्र काकांसकट नऊ जणांनी दोन दिवसांत सह्या ठोकल्या. उरले फक्त बाबा. आदल्या दिवशी सकाळी शशिकांत इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसले, समोर स्वतःची जुनी फाइल उघडून.

"क्वार्टर पहिल्यांदा कधी मिळालं?" देवयानीने विचारलं.

त्यांनी तारीख सांगितली. टाइप टू. मग टाइप थ्री, त्याची तारीख. मग म्हणाले, "दोन हजार बारा, टाइप फोर मंजूर. तिमारपूर, हिंदूराव हॉस्पिटलच्या पलीकडे. नाकारलं."

देवयानीचं पेन थांबलं. हे तिला माहीत नव्हतं.

"नाकारलं? का?"

"ते मतात जाईल," शशिकांत म्हणाले. "परवानगी नाही."

"मला आहे परवानगी," सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तू दुसरीत होतीस. शाळेत सगळी मुलं हिंदी बोलायची आणि तुला यायचं फक्त मराठी. दीड वर्ष तू वर्गात तोंड उघडलं नाहीस. टीचरला वाटायचं मुलगी मुकी आहे. मग कुठे एक मैत्रीण झाली नि तू बोलायला लागलीस. तेवढ्यात हे लेटर आलं. तिमारपूरला जायचं म्हणजे शाळा बदलायची. हे म्हणाले, नको, आत्ताच बोलायला लागलीय. एकदा नाकारलं की पुन्हा नंबर लागेपर्यंत वर्षं जातात, ते गेलंच."

 देवयानीला प्रकरण तीन आठवत होतं. तिने वडिलांची फाइल आपल्याकडे फिरवली. मसुद्याची प्रत तिथे होती, पानांना आकडे घातलेले, पिवळी चिठ्ठी लावलेली. पान चौदा, बाबांना काही न विचारताच त्यांच्यावर लिहिलेलं: उत्तरदाता क्रमांक एक हा उतरंड पूर्णपणे अंगीकारलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याचा नमुना असून वरच्या श्रेणीच्या घरासाठी त्याने कधीही प्रयत्न केलेला दिसत नाही, यातून महत्त्वाकांक्षेचा अभाव स्पष्ट होतो. समासात शशिकांतांचं बारीक, सरळ अक्षर होतं. 'मत संशोधकाचे आहे. आक्षेप नाही.'

हा कागद त्यांच्या साहेबाने वाचला होता. साहेबाच्या साहेबाने वाचला होता. लाजेने तिचे कान तापले आणि मग डोळे भरून आले. तिने पेन उचललं आणि त्या ओळीवर टेकवलं.

"खोडू नकोस," शशिकांत म्हणाले.

"बाबा, हे चूक आहे."

"असेल. पण मंजुरी या मसुद्याला आहे. एक शब्द बदललास तर परत पुटअप करावं लागेल, आणि तुला द्यायचंय उद्या." त्यांनी संमतीपत्र ओढून घेतलं, तीन ठिकाणी सही केली, खाली तारीख घातली आणि डबा उचलून ऑफिसला गेले.

देवयानीला पदवी मिळाली, चांगल्या श्रेणीने मिळाली. पान चौदावरची ओळ जशीच्या तशी आहे. तिच्या शेजारी विजयालक्ष्मी मॅडमनी लाल शाईने लिहिलं आहे: उत्कृष्ट निरीक्षण.