अळीने पोखरलेले बटाटे

मैत्रिणींनो, आज माझा नुसता संताप झालाय! लढाईमुळे मालाच्या गाड्या येईनात, धुळ्याच्या बाजारात बटाटा दिसेना, म्हणून मी तो परसात लावला. माहेरपणाला आलेल्या गरोदर लेकीला बटाट्याच्या भाजीचे डोहाळे लागलेत.

आज काढायला गेले, तर निम्म्याहून जास्त बटाटे अळीने पोखरलेले! शेजारच्या अक्का बघून म्हणाल्या, "जमीन तडकनी, बटाटा उघडा पडना. माटीनी भर काबरं नई दिधी?"

"मातीची भर घालायची, नाहीतर भेगांतून अळी शिरते, हे आधी का नाही सांगितलंत?" मी त्यांच्यावरच खेकसले.

किडके भाग काढून जेमतेम एका माणसापुरती भाजी झाली. लेक पातेलं पुसून जेवली, हळूच म्हणाली, "उद्या पण कर ना!"

उरलेल्या दोन सऱ्यांना आत्ताच मातीची भर घातलीय. आणखी काय करू? लवकर सांगा गं!