रजिस्टरातली चौदावी ओळ

तुमच्या ऑफिसातली फरशी रोज पुसणारी बाई कुणाच्या नोकरीत आहे, सांगता येईल? तुमच्या ऑफिसच्या म्हणाल, तर चूक. तिच्या पाठीवर ज्या कंपनीचं नाव छापलंय तिच्या म्हणाल, तर ते फार तर पुढच्या वर्षापर्यंत खरं.

नव्वदीच्या दशकात आमच्या शेजारच्या काकी मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात साफसफाईच्या सुपरवायझर होत्या. कारखान्याच्या नव्हे, साफसफाई पुरवणाऱ्या ठेकेदार कंपनीच्या. ही कंपनी दर वर्ष-दोन वर्षांनी बदलायची. बायका त्याच, बादल्या त्याच, गणवेश तेवढा नवा. काकी काळही त्यावरूनच मोजत. "तुझी दहावी झाली तवा निळा व्हता," त्या मला सांगत, "आन तुझा बाप गेला तवा हिरवा."

सापगावहून सकाळी जीप निघे. काकी धरून चौदा बायका, त्यांत माझी आई. गेटवरचा वॉचमन, तोही कुठल्या तरी ठेकेदाराचाच, रजिस्टरात एकच ओळ लिहायचा: 'साफसफाई, बायका १४.' पहिल्याच आठवड्यात काकींनी त्याच्या हातातलं पेन धरलं.

"बायका चवदा म्हंजे काय रे? आमी काय गोणी हाव, मोजून आत घ्याया?"

"काकी, टाइम जातो. मागं ट्रक उभा आहे."

"मग ट्रकला सांग, बायका नाव लिवतात."

तेव्हापासून चौदा ओळी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना काकींनी धावत्या जीपमध्ये, मांडीवर वही ठेवून, स्वतःचं नाव गिरवायला शिकवलं. माझ्या आईनं आयुष्यात त्या वहीबाहेर लिहिलेला पहिला शब्द त्या रजिस्टरात आहे. काकींची सही शेवटी, चौदाव्या ओळीत, सगळ्या आत गेल्या की मग.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी मरून रंगाच्या गणवेशाची कंपनी आली. तिनं छापील फॉर्म आणला: 'मी या कारखान्यात प्रथमच काम करत आहे.' सही करा, नाहीतर घरी बसा. सही केली की मागची सगळी वर्षं पुसली जाणार, आणि पन्नाशीच्या आईला 'नवीन' म्हणून केव्हाही काढता येणार. मी तर चळवळीच्या पत्रकांवरच वाढलेली. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. शोषण, मक्तेदारी, एल्गार, काही सोडलं नाही. काकींनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"चांगला लिवलंस गो. पन ह्यात आमची नावं कुठं हायत?"

मी पत्रक घडी करून पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बायकांना घेऊन त्या ठेकेदाराकडे गेल्याच नाहीत. थेट कारखान्याच्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. पुढचं आईकडून ऐकलेलं आहे. "साहेब, ठेकेदार गेले ते आपले कागद घेऊन गेले," काकी म्हणाल्या. "गेटचा रजिस्टर तुमचा हाय. तो कुठं जात नाय. काढा."

स्टोअरमधून धुळीनं भरलेली रजिस्टरं आली. साहेब पानं उलटत राहिले. तीच चौदा नावं, दर सकाळी. आईचं नाव आधी दोन ओळींवर सांडलेलं, मग हळूहळू एका ओळीत मावलेलं. साहेबांनी शेवटचं रजिस्टर मिटलं. फॉर्म परत गेला. तेराजणी 'जुन्या कामगार' म्हणून राहिल्या.

तेराच. नव्या ठेकेदाराला सुपरवायझर आपला हवा होता, आणि साहेबांनी त्याचं तेवढं ऐकलं.

आई जीपमध्ये रडू लागली तेव्हा काकी म्हणाल्या, "रडतेस काय गो? तू जुनी झालीस ना? मग गप बस."

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आधी बाहेर काढलं. मग चौदाव्या ओळीत लिहिलं: द्वारका काळूराम विशे. पुढं बाहेर पडल्याची वेळ. वॉचमननं पेन उभं राहून परत घेतलं.

काकी आता नाहीत. मी अजून पत्रकं लिहिते, पण आधी नावं आणि मग मागण्या.

तुम्ही एवढंच करा. उद्या ऑफिसात कुणी बादली घेऊन आलं, की त्यांचं पूर्ण नाव विचारा. इथं आल्यापासून किती गणवेश बदलले, तेही विचारा. आणि ते अशा वहीत लिहून ठेवा, जी ठेकेदाराबरोबर जात नाही.