बाळाच्या पेशींवरची फुलं

मरोळच्या लॅबमध्ये मॅडम मला सीनियर. मायक्रोस्कोपसमोर चप्पल काढून बसायच्या आणि काचेखालच्या पेशीला म्हणायच्या, "सरक गं मेले."

सारख्या आजारी पडणाऱ्या एका बाळाचं रक्त आलं होतं. लिम्फोसाइट या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर, म्हणजे पकडीच्या जागा असतील, तर लॅबच्या साठ्यातल्या सीरममधलं कॉम्प्लिमेंट हे प्रथिन लावलेल्या तांबड्या पेशी त्यांना पाकळ्यांसारख्या चिकटतात. बाळाच्या रक्तात एकही फूल दिसेना.

"रिसेप्टर नाहीत, असं लिहू का मॅडम?"

"आणि आपलं सीरमच बाद असलं तर? त्या आईला उगाच घाबरवशील." त्यांनी बाही वर सारली. "माझं रक्त काढ. मी तर ठणठणीत आहे ना?"

त्यांच्या पेशीही तशाच बोडक्या निघाल्या.

"बघ, सीरमची वाट लागलीय. नवं काढ. बाळाचं रक्त उरलंय, त्याला परत टोचायला नको."

जेवण राहिलं. दुपारी बाळाच्या पेशींभोवती फुलं दिसली. मी आनंदाने हात धुवायला निघालो.

"कुठे चाललास रे? बाळ अजून आजारीच आहे," चप्पल पायात सरकवत त्या म्हणाल्या. "रिसेप्टरचा दोष नाही, म्हणजे दुसरं काहीतरी आहे. डॉक्टरांना फोन लाव, पुढची तपासणी ठरवू."