साहेब, त्यांची आई आणि विमानं

साहेब कुठेही निघाले की आधी माणसं मोजायचे. माणसं तीन असोत की तीस, उजव्या हाताचं बोट हवेत टिपत सगळ्यांवरून फिरायचं आणि शेवटी स्वतःच्या छातीवर टेकायचं. "पूर्ण. चला." ऑफिसातून खाली चहाला निघालो तरी हेच.

ते आमचे सेक्शन ऑफिसर, आणि दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. म्हणजे मी दिवसा त्यांच्या हाताखाली आणि संध्याकाळी डोक्यावर. निवृत्त होऊन ते मिरजेला गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांना नाव होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं. वहिनीसुद्धा "साहेब आंघोळीला गेलेत" असंच सांगायच्या. तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल, जो कधी लहान होता यावर विश्वासच बसत नाही.

एका ऑक्टोबरात त्यांची आई मिरजेहून आली. ऐंशीच्या पुढची, नऊवारीतली, हिंदीचा एक शब्द न येणारी. तिला विमान जवळून बघायचं होतं. "आमच्या अंगणावरून जातं ते मुंगीएवढं दिसतं," ती म्हणायची. साहेबांनी हिंडन नदीच्या बाजूला होणाऱ्या विमानांच्या कसरतींचे पास मिळवले आणि मी, माझी बायको आणि मुलगी, अशा आम्हा तिघांनाही बरोबर घेतलं. "नदी आहे, वाळू आहे. दिल्लीतली चौपाटीच समजा," ते म्हणाले.

नदी काळी होती आणि तिला वास येत होता. वाळू होती, पण ती मंडपासाठी ट्रकने आणून टाकलेली. साहेबांनी तिच्यावर सतरंजी अंथरली, सहा माणसं मोजली, "पूर्ण" म्हणाले आणि वहिनींनी थालीपिठांचा डबा उघडला.

तेवढ्यात तीन विमानं आमच्या पाठीमागून डोक्यावरून अशी गेली, की माझ्या हातातलं थालीपीठ सतरंजीवर पडलं. सगळे उभे राहिले. पुढची दहा मिनिटं कुणी खाली पाहिलं नाही.

मग साहेबांचं बोट फिरलं आणि पाचावर थांबलं. त्यांनी पुन्हा मोजलं. स्वतःला दोनदा धरूनही पाहिलं.

"बाबा, आजी गुम झाल्या," माझी मुलगी तिच्या दिल्लीच्या मराठीत म्हणाली.

साहेब गर्दीत घुसले. मी मागून. "आई, आई" अशा त्यांच्या हाका विमानांच्या आवाजात मलाही ऐकू येत नव्हत्या. एका शिपायाला गाठून ते सांगायला लागले, "बुजुर्ग महिला हैं, महाराष्ट्रीयन साड़ी..."

"साड़ी का रंग?" शिपायाने विचारलं.

एका दमात दोन पानांची टिपणी सांगणारा हा माणूस उत्तरासाठी माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "पता नहीं जी. सुबह से मैंने उनकी तरफ देखा ही नहीं."

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "छब्बू नाम का बच्चा जहाँ भी हो, मंच के पीछे आ जाए. उसकी माताजी बहुत परेशान हैं."

साहेब जागच्या जागी थांबले.

"साहेब, आपणही तिथेच जाऊन माइकवरून सांगायला लावू," मी म्हणालो.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तो मीच आहे."

मंचामागच्या तंबूच्या दारात आई खुर्चीवर बसून चहात बिस्किट बुडवत होती. शेजारी वायुदलाचा एक तरुण अधिकारी उभा होता. त्याने साहेबांना विचारलं, "आप बच्चे के पिताजी?"

"नहीं जी. बच्चा."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"कुठे गेला होतास रे छबू?" आई म्हणाली. "मी जरा नदी बघून आले, तर तू जागेवर नाहीस. किती शोधायचं तुला?"

"चुकलं, आई," साहेब म्हणाले आणि इस्त्रीच्या पँटीसकट तिच्या खुर्चीपाशी वाळूत बसले. मी जाऊन बाकीच्यांना निरोप देऊन आलो, तरी ते तसेच बसलेले होते. तिचा चष्मा मी वहिनींकडून आणला होता, तो त्यांनी स्वतः रुमालाने पुसून तिला घातला.

वर आता एकच विमान उरलं होतं. ते उलटं होऊन गोल गोल फिरत होतं.

"आत माणूस असतो का रे?" आईने विचारलं.

"असतो. तरुण पोरगा असणार."

"मग उतरायला सांग की त्याला. किती वेळ उलटा लटकलाय. जेवला तरी असेल का?"

मला वाटलं, साहेब हसतील. ते उठले, अधिकाऱ्यापाशी गेले, काहीतरी हळू बोलले आणि परत येऊन बसले. "सांगितलं," ते म्हणाले.

थोड्या वेळाने कुंपणापलीकडच्या धावपट्टीवर विमानाची चाकं टेकली. आई समाधानाने मागे रेलली. "ऐकलं हो तुझं," ती म्हणाली आणि हातातलं अर्धं बिस्किट तिने साहेबांच्या तोंडापुढे धरलं. साहेबांनी आ केला.